वारा सगळीकडे आहे, जागा कुठे आहे?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कधी कधी वाहतूक मुंगीच्या पावलांनी सरकते. पुढे गेल्यावर कारण कळतं: लांबच लांब ट्रेलर, आणि त्यावर आडवं ठेवलेलं पवनचक्कीचं एकच पातं. वळण आलं की मागची चाकं वेगळी वळवावी लागतात. हातात लाल झेंडे घेतलेली माणसं पुढे-मागे धावत गाड्या थांबवत असतात. हे पातं घाट चढून पठारावर जाणार, तिथे ते मनोऱ्यावर चढणार, आणि तिथली वीज तारांवरून पुन्हा खाली शहरात येणार.

हे पाहिलेला माणूस हमखास एक प्रश्न विचारतो. एवढा खटाटोप करून पाती डोंगरावर कशाला न्यायची? समुद्रकाठच्या शहरात वारा काय कमी असतो? बंदरात, गोदीत, कारखान्यांच्या पट्ट्यात पवनचक्क्या उभ्या केल्या तर वीज लागते तिथेच तयार होईल.

प्रश्न अगदी रास्त आहे. काही शहरांनी नेमकं हेच केलं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी तलावाच्या काठी, बफेलो शहराला लागून लॅकावाना नावाचं गाव आहे. तिथे बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या जमिनीवर २००७ साली आठ मोठ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्या तिथेच का आणि त्याच किनाऱ्यावर दोन किलोमीटर अलीकडे का नाहीत, हे समजून घेतलं की जागा निवडायची सगळी विद्या हाती येते. त्यासाठी आधी वाऱ्याचा हिशोब समजून घेऊ.

१. वीस टक्के वारा, सत्तर टक्के वीज

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वीज किती पटीने वाढेल? बहुतेकांचं उत्तर ‘दुप्पट’ असं येतं. खरं उत्तर आठपट आहे.

कारण सोपं आहे. वेग दुप्पट झाला की एका सेकंदात पात्यांमधून दुप्पट हवा जाते. शिवाय त्या हवेच्या प्रत्येक किलोत आधीच्या चौपट ऊर्जा असते, कारण धावत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. दोन गुणिले चार, आठ. यालाच वेगाचा घन म्हणायचं.

आता छोटं गणित. एका जागी वारा सेकंदाला ५ मीटर वाहतो, दुसऱ्या जागी ६ मीटर. अंगावर घेतला तर दोन्हींतला फरक जाणवणारही नाही. पण ५ चा घन १२५ आणि ६ चा घन २१६. वारा वीस टक्के जास्त, त्यातली ऊर्जा मात्र ७३ टक्के जास्त. म्हणून जागा शोधणारे लोक सेकंदाला अर्ध्या मीटरच्या फरकासाठी जिवाचा आटापिटा करतात. तेवढ्या फरकावर प्रकल्प तरतो किंवा बुडतो.

दुसरी गोष्ट पात्यांची. लॅकावानाच्या पवनचक्कीची पाती फिरतात ते वर्तुळ ९६ मीटर व्यासाचं आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ७,२०० चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन एकरांहून थोडं जास्त. पावणेदोन एकरांचं शेत उचलून हवेत उभं धरलं आहे आणि त्यातून वारा गाळून घेतला जातो आहे, असं समजा. त्यातली सगळी ऊर्जा काढता येत नाही. सगळी काढली तर हवा पात्यांमागे जागच्या जागी थांबेल आणि नव्या हवेला जायला वाटच उरणार नाही. जास्तीत जास्त सुमारे ५९ टक्के ऊर्जा काढता येते, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं. प्रत्यक्षातली यंत्रं त्याच्या बरीच खाली राहतात.

२. गच्चीवरची रिबीन

मग शहरातल्या उंच इमारतीच्या गच्चीवर पवनचक्की बसवली तर? हा पुढचा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर तुम्हाला घरबसल्या मिळवता येईल.

एक लांब बांबू घ्या. त्याला दर हातभर अंतरावर एकेक हलकी रिबीन बांधा आणि वाऱ्याच्या दिवशी तो गच्चीच्या कठड्याजवळ उभा धरा. सगळ्यात खालची रिबीन कधी उजवीकडे फडफडेल, कधी उलटी फिरेल, कधी नुसतीच लोंबकळेल. मधली जरा सुधारेल. अगदी वरची, ती तुमच्या डोक्याच्या बरीच वर गेली असेल तर, एकाच दिशेला ताणून उभी राहू लागेल. खाली वाऱ्याचे भोवरे आहेत आणि वर वारा आहे.

नदीच्या पात्रातला खडक आठवा. पाणी खडकावर आपटतं, वरून उसळतं आणि मागे लांबवर घुसळत राहतं. इमारत हा वाऱ्याच्या पात्रातला खडकच. ठोकताळा असा आहे, की इमारतीच्या उंचीच्या दुपटीपर्यंत वर आणि जवळजवळ वीसपट अंतरापर्यंत मागे वारा बिघडलेला असतो. चार मजली, १५ मीटर उंच इमारत घेतली तर वर ३० मीटर आणि मागे ३०० मीटर. शहरात अशा हजारो इमारती एकमेकींच्या मागे उभ्या असतात.

बिघडलेल्या वाऱ्याचं नुकसान दुहेरी आहे. वीज कमी मिळते हे एक. दुसरं याहून वाईट: पात्याच्या एका टोकाला जोराचा धक्का आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, असं अहोरात्र चालतं. खड्ड्यांच्या रस्त्यावरून रोज नेलेली गाडी जशी लवकर खिळखिळी होते, तशी ही यंत्रं होतात. बेअरिंग झिजतात, गिअरचे दाते चुरतात, पात्यांना बारीक तडे जातात.

अपवाद आहेत. बहरीनमध्ये २००८ साली पूर्ण झालेल्या जागतिक व्यापार केंद्राच्या दोन मनोऱ्यांच्या मधे तीन पवनचक्क्या आहेत. तिथे इमारतींचा आकारच शिडांसारखा ठेवला आहे, म्हणजे आखाताकडून येणारा वारा मधल्या फटीत शिरताना वेग धरतो. वास्तुरचना म्हणून ते काम फार सुंदर आहे. पण तिन्ही मिळून क्षमता ६७५ किलोवॅट. लॅकावानाची एकटी पवनचक्की २,५०० किलोवॅटची. गच्चीवरची वीज आणि किनाऱ्यावरची वीज यांत एवढं अंतर राहतं.

३. परातीतलं पाणी

वाऱ्याला काय आवडतं, तर गुळगुळीत मोकळी वाट. झाडं, घरं, टेकाडं त्याला घासून मंद करतात. पाण्याचा पृष्ठभाग त्या मानाने काचेसारखा असतो, म्हणून पाण्यावरून आलेला वारा जमिनीवर पाय ठेवतो तेव्हा तो ताजा असतो. पाचेकशे मीटर शहरात शिरला की त्याच्या खालच्या थराची रया जाते. पहिल्या ओळीतली जागा आणि तिसऱ्या ओळीतली जागा यांतला फरक तो हाच.

पण ‘पाण्याकाठी’ एवढं म्हणून भागत नाही. पाणी कोणत्या बाजूला आहे आणि किती लांबवर पसरलं आहे, हे पाहावं लागतं. ईरी तलाव नैऋत्येकडून ईशान्येकडे सुमारे ३८८ किलोमीटर लांब पसरलेला आहे, रुंदीला मात्र शंभराच्या आत. तिकडचा मुख्य वाराही नैऋत्येचाच. म्हणजे तलावाची लांबी आणि वाऱ्याची दिशा एकाच रेषेत, आणि त्या रेषेच्या पूर्व टोकाला बफेलो आणि लॅकावाना. पुणे ते गोवा एवढ्या अंतरात वाऱ्याला एक झाडसुद्धा आडवं येत नाही.

याचा पुरावा तलावच देतो. परातीत पाणी घेऊन एका बाजूने जोरात फुंकर मारली की पाणी दुसऱ्या काठाशी चढतं. ईरी तलाव उथळ आहे, सरासरी खोली अवघी १९ मीटर. मोठ्या वादळात नैऋत्य वारा सारं पाणी बफेलोकडे लोटतो. काही तासांत इथली पातळी कित्येक फूट वर येते आणि पश्चिमेच्या टोकाला तळ उघडा पडतो. जो वारा अख्ख्या तलावाला कलता करतो, तो पाती फिरवायला कमी पडणार नाही.

साताऱ्याशी इथे एक तुलना करावीशी वाटते. वनकुसवडे आणि चाळकेवाडीची पठारं मुख्यतः पावसाळ्यातल्या वाऱ्यावर चालतात. वर्षाची बरीचशी वीज त्या चार महिन्यांतच मिळते. ईरीच्या काठचा वारा थंडीत जोरात आणि उन्हाळ्यात सौम्य. जागा निवडताना ‘सरासरी वेग किती’ याच्याइतकंच ‘कोणत्या महिन्यांत’ हे महत्त्वाचं, कारण वीज साठवून ठेवणं महाग आहे.

४. एक पावसाळा पाहून विहीर खणू नये

नकाशावर जागा चांगली दिसली तरी प्रत्यक्ष मोजल्याशिवाय कोणी पैसे घालत नाही. पन्नास-साठ मीटर उंचीचा बारीक खांब उभा करतात, त्यावर वेगवेगळ्या उंचींवर तीन-तीन छोट्या वाट्यांची गरगर फिरणारी यंत्रं बसवतात आणि कमीत कमी वर्षभर दर दहा मिनिटांची सरासरी नोंदवतात. ते वर्ष नेमकं जास्त वाऱ्याचं निघालं तर? म्हणून जवळच्या विमानतळाच्या वीस-तीस वर्षांच्या नोंदी काढून आपलं वर्ष त्यांच्या शेजारी ठेवून बघतात. शहरांची ही एक सोय असते: विमानतळ जवळ असतोच.

विमानतळ जवळ असण्याचा तोटा पुढच्या भागात येतो.

५. चाळणी

आता वारा सापडला. इथून पुढे काम उलटं चालतं. ‘कुठे उभी करावी’ असं विचारायचं नाही, ‘कुठे करता येणार नाही’ असं विचारत जायचं. नियोजन करणारे शहराच्या नकाशावर एकेक पारदर्शक कागद ठेवत जातात आणि प्रत्येक कागदावर एकेक अडचण रंगवतात. शेवटी जो तुकडा कोराच राहिला, ती आपली जागा.

पहिला कागद आवाजाचा. पात्यांचा ‘हुश्श-हुश्श’ आवाज मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण सहा डेसिबलने उतरतो. म्हणून घरांपासून काही शे मीटर अंतर सोडतात. कारखान्यांच्या पट्ट्यात जहाजांचे भोंगे, ट्रक, क्रेन यांचा गोंगाट आधीच असतो, त्यामुळे दिवसा हा आवाज त्यात मुरून जातो. पण रात्री दोन वाजता गोदी शांत असते आणि वारा चालूच असतो. प्रामाणिक नियोजक त्या वेळेचा हिशोब धरतो.

दुसरा कागद सावलीचा, आणि हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण लोकांना त्याची आधी कल्पनाच नसते. तुमच्या खिडकीत संध्याकाळचं ऊन येतं आहे आणि सूर्य व खिडकी यांच्या मधे फिरती पाती आहेत. मिनिटाला १५ फेरे, पाती तीन, म्हणजे मिनिटाला ४५ वेळा खोलीतलं ऊन जातं आणि येतं. पुस्तक वाचणाऱ्याच्या पानावर उजेड-अंधार, उजेड-अंधार. पाच मिनिटांत माणूस पडदा ओढून घेतो. जर्मनीत यासाठी मर्यादा आखली आहे: कोणत्याही घरावर ही सावली वर्षाला ३० तासांपेक्षा आणि दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त पडू शकेल अशी रचना करायची नाही. सूर्याची जागा आधीच ठाऊक असल्यामुळे कोणत्या घरावर कोणत्या तारखेला किती वाजता सावली येणार, हे मनोरा उभारण्याआधी मिनिटापर्यंत काढता येतं. पाणी पश्चिमेला आणि वस्ती पूर्वेला असलेल्या शहरात हा हिशोब फार बारकाईने करावा लागतो, कारण मावळतीच्या सगळ्या सावल्या घरांकडेच येतात.

तिसरा कागद बर्फाचा. आपल्याकडे हा लागत नाही, ईरीच्या काठी लागतो. थंडीत पात्यांवर बर्फाचा थर बसतो आणि फिरताना त्याचे तुकडे उडतात. अंतराचा एक सुटसुटीत ठोकताळा आहे: मनोऱ्याची उंची अधिक पात्यांच्या वर्तुळाचा व्यास, गुणिले दीड. मनोरा ८० मीटर, व्यास ९६ मीटर. बेरीज १७६, दीडपट २६४. म्हणजे सुमारे पावणेतीनशे मीटरांच्या आत लोकांचा रोजचा रस्ता, वाहनतळ, शाळेचं मैदान नको.

मग विमानतळाचा कागद: विमानं उतरायच्या वाटेत सव्वाशे मीटर उंच काही नको, आणि रडारलाही अडथळा नको. त्यानंतर जहाजांचा मार्ग, गॅसच्या वाहिन्या, रसायनांच्या टाक्या, जुनी स्मारकं.

समजा एका शहराला १० किलोमीटरचा किनारा आहे. वस्तीजवळचा भाग वगळला, ५ उरले. विमानांच्या वाटेने २ गेले. टाक्यांनी आणि बंदराच्या तोंडाने १.२ किलोमीटर घेतले. उरले १.८ किलोमीटर. पवनचक्क्या एकमेकींचा वारा अडवतात, म्हणून वाऱ्याला आडव्या ओळीत दोघींमधे व्यासाच्या किमान तिप्पट अंतर ठेवायचं. व्यास १०० मीटर धरला तर ३०० मीटर. १,८०० भागिले ३००, सहा अंतरं, म्हणजे सात पवनचक्क्या. प्रत्येकी २,५०० किलोवॅट, एकूण १७,५०० किलोवॅट. वारा कमी-जास्त होत असल्यामुळे वर्षभराची सरासरी ३० टक्के धरू. वर्षाचे तास ८,७६०. गुणाकार केला की वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाख युनिट येतात. महिन्याला दीडशे युनिट वापरणारी आपल्याकडची पंचवीस हजार घरं त्यावर चालतील. अमेरिकेतलं सरासरी घर वर्षाला साडेदहा हजार युनिटच्या आसपास वापरतं. तिथे याच सात पवनचक्क्या साडेचार हजार घरांनाही पुऱ्या पडणार नाहीत. जागा किती लागते हे वापरावरही ठरतं.

६. सुरय पक्ष्यांचा किनारा

एक कागद वेगळा काढून ठेवला होता. बेल्जियममधल्या झेब्रुग बंदराने तो शिकवला.

झेब्रुगच्या पूर्वेकडच्या लाटारोधक भिंतीवर २५ लहान-मध्यम पवनचक्क्यांची ओळ होती. लाटारोधक भिंत ही खरं तर आदर्श जागा: तीन बाजूंनी पाणी, घरं दूर, रस्ता तयार. पण त्याच भिंतीला लागून पक्ष्यांसाठी भराव घालून एक जमीन मुद्दाम तयार केली होती, कारण बंदर वाढवताना त्यांच्या विणीच्या जागा गेल्या होत्या. पक्षी आले, हजारोंनी आले. सुरय पक्ष्यांच्या मोठ्या वसाहती तिथे जमल्या. पिल्लांसाठी मासे आणायला ते दिवसातून कितीतरी वेळा समुद्राकडे जात आणि परतत, आणि प्रत्येक वेळी वाटेत पवनचक्क्यांची ओळ असे. २००४ आणि २००५ साली अभ्यासकांनी मोजणी केली, तेव्हा वर्षाला प्रत्येक पवनचक्कीमागे सरासरी सहा-सात सुरय मरत होते. वसाहतीच्या अगदी जवळच्या, समुद्राच्या बाजूच्या ओळीत हा आकडा अकराच्या आसपास होता.

या दोन आकड्यांमधला फरक नीट बघा. बंदर एकच, पक्षी तेच. काहीशे मीटर अंतराने एवढा फरक पडतो. ‘पवनचक्क्या पक्षी मारतात’ किंवा ‘मारत नाहीत’ अशी सरसकट विधानं यामुळेच निरुपयोगी ठरतात. पक्षी कुठे वीण करतात, कुठे खायला जातात आणि त्या दोन ठिकाणांना जोडणारी रेषा कुठून जाते, हे जागेवर जाऊन दोन-तीन हंगाम पाहावं लागतं. ती रेषा टाळायची. पुण्या-मुंबईच्या पक्षीनिरीक्षकांना हे पटवून द्यायची गरज पडणार नाही. भरती-ओहोटीबरोबर रोहित पक्षी ठरलेल्या वाटेने कसे ये-जा करतात, ते त्यांनी शिवडीला पाहिलेलं असतं.

७. मळीचा डोंगर

सगळे कागद ठेवून झाल्यावर औद्योगिक शहराच्या नकाशात कोरा काय उरतो? जिथे कोणी राहात नाही, कोणी राहू शकत नाही आणि जिथे निसर्गाचं जे व्हायचं ते नुकसान आधीच होऊन गेलं आहे, असा तुकडा. त्याला आपण ओसाड म्हणतो. लॅकावानाचा कोरा तुकडा असाच होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. १९२२ साली तो बेथलेहेम स्टील या कंपनीने घेतला. एके काळी त्यात वीस हजारांहून जास्त माणसं काम करत होती. लोखंड वितळवताना वर तरंगणारी धातुमळी तलावाच्या काठाशी नेऊन ओतायचे. रात्री तापलेली मळी ओतली की आकाश नारिंगी होई आणि ते बफेलोपर्यंत दिसे. वर्षानुवर्षं ओतलेल्या या मळीने किनाराच तलावात पुढे सरकवला. १९८३ साली पोलाद ओतणं थांबलं. हजारो कुटुंबांची मिळकत गेली. सुमारे १,६०० एकरांचं आवार मागे राहिलं, त्यात काळी-करडी मळी आणि जमिनीत मुरलेली विषारी द्रव्यं.

तिथे घरं बांधता येत नव्हती. शेती तर दूरच. पण पवनचक्कीच्या नजरेने पाहा. समोर ईरी तलावाची पूर्ण लांबी. मागे वस्तीपर्यंत मोकळं अंतर. कारखान्यासाठी बांधलेले, जड वाहनं पेलणारे रस्ते तसेच होते, त्यामुळे ट्रेलरपुढे लाल झेंडे धरून धावायची वेळ आली नाही. आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट: कारखान्याला प्रचंड वीज लागत होती, म्हणून उच्चदाबाच्या वाहिन्या जवळच होत्या. वीज आत आणण्यासाठी ओढलेल्या तारांच्या जाळ्यातूनच आता ती बाहेर नेता येणार होती. नव्या वाहिन्या ओढणं हा डोंगरावरच्या प्रकल्पांचा मोठा खर्च आणि त्याहून मोठा विलंब असतो.

अडचणी होत्याच. भरावाची जमीन सगळीकडे सारखी घट्ट नसते. मुंबईकरांना भराव म्हणजे काय ते सांगायला नको. असा मनोरा कलंडू नये म्हणून पंधरा-वीस मीटर रुंदीचा काँक्रीटचा पाया लागतो, आणि तो एका बाजूने दोन बोटं खचला तरी ऐंशी मीटर उंचीवर मोठा फरक पडतो. म्हणून अशा प्रत्येक ठिकाणी जमिनीला भोकं पाडून खालचे थर तपासतात. शिवाय विषारी जमिनीत खड्डा खणताना आतलं विष भूजलात उतरायला नवी वाट करून द्यायची नसते. हे काम सफाईच्या नियमांत राहूनच करावं लागतं.

२००७ साली आठ पवनचक्क्या फिरू लागल्या. प्रकल्पाला नाव मिळालं ‘स्टील विंड्स’. पहिल्याच वर्षी त्यांच्या गिअरबॉक्समध्ये दोष आढळला आणि ते दुरुस्त करावे लागले. जागेच्या दृष्टीने यात एक धडा आहे: मोठी क्रेन एकदाच येत नाही, ती पुन्हा येते. तिला उभं राहायला घट्ट, सपाट जागा पंचवीस वर्षं राखून ठेवावी लागते. जुन्या कारखान्याच्या आवारात ती होती. २०१२ साली आणखी सहा उभ्या राहिल्या आणि एकूण क्षमता ३५ मेगावॅट झाली.

एकदा ही दृष्टी आली की अशा जागा सगळीकडे दिसायला लागतात. न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या आवारात प्रत्येकी दीड मेगावॅटच्या पाच पवनचक्क्या आहेत. पाणी ढवळायला आणि उपसायला तिथे रात्रंदिवस वीज लागते, ती दारातच तयार होते. मॅसॅच्युसेट्समधल्या हल या गावाने २००६ साली आपली दुसरी पवनचक्की बंद केलेल्या कचरा डेपोवर उभी केली. स्पेनमध्ये बिल्बाओ बंदराच्या पुंता लुसेरो या लाटारोधक भिंतीवर प्रत्येकी २ मेगावॅटच्या पाच आहेत. कचरा, सांडपाणी, मळी, भिंत. शहराने ज्याकडे पाठ फिरवली, ती जागा वाऱ्याच्या तोंडावर असते, कारण नकोशा गोष्टी शहरं नेहमी काठावरच नेऊन ठेवतात.

८. तीन रांगा की एक कमान

शेवटची चाळणी माणसांची. ती सगळ्यांत शेवटी लावली तर प्रकल्प अडकतो, म्हणून जाणते लोक ती आधी लावतात.

कोपनहेगन बंदराबाहेर साडेतीन किलोमीटरवर मिडेलग्रुंडेन नावाचा उथळ समुद्रतळ आहे, खोली तीन ते सहा मीटर. दोनशे वर्षं बंदरातला गाळ आणि शहराची घाण तिथे टाकली जात होती. म्हणजे पाण्याखालचा मळीचा डोंगरच म्हणायचा. तिथे पवनचक्क्या उभाराव्यात असं १९९० च्या दशकात ठरू लागलं. पहिला आराखडा २७ पवनचक्क्यांचा होता, तीन रांगांत. हिशोबाने तो ठीक होता. पण जनसुनावणीत लोक म्हणाले, किनाऱ्यावरून हे झाडोऱ्यासारखं गिचमीड दिसेल. आराखडा बदलला. २० पवनचक्क्या, एकाच ओळीत, ३.४ किलोमीटर लांबीच्या कमानीत. ही कमान कोपनहेगनच्या जुन्या तटबंदीच्या वळणाशी मेळ साधते. आवाजाची शंका असलेल्यांना जमिनीवरच्या एका आधुनिक पवनचक्कीजवळ नेऊन उभं केलं. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

या सुंदर कमानीची किंमत मोजावी लागली. दोन पवनचक्क्यांमधलं अंतर १८२ मीटर, म्हणजे व्यासाच्या जेमतेम २.४ पट. वारा ओळीच्या दिशेने वाहिला की मागच्या पवनचक्क्या पुढच्यांच्या सावलीत उपाशी राहतात. सुदैवाने तिथला मुख्य वारा पश्चिमेचा, ओळीला आडवा. थोडी वीज सोडली आणि शहराची संमती मिळवली. माझ्या मते हा सौदा चांगला होता.

संमतीला कोपनहेगनकरांनी पैशाचीही जोड दिली. निम्मा प्रकल्प महापालिकेच्या वीज कंपनीचा आणि निम्मा एका सहकारी संस्थेचा. तिचे ४०,५०० भाग होते, एक भाग म्हणजे वर्षाला हजार युनिट विजेचा वाटा. साडेआठ हजारांवर माणसांनी ते घेतले. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातल्या वाचकाला ही रचना लगेच ओळखीची वाटेल.

पाये ओतायचे होते शहरातल्याच बुर्माइस्टर अँड वाइन या जुन्या जहाज कारखान्याच्या सुक्या गोदीत. जहाजं बांधणं तिथे थांबलं होतं. काँक्रीटचे वीस पाये तयार झाले, प्रत्येकी सुमारे अठराशे टनांचे, आणि एकेक करून पाण्यावरून त्या उथळ जागी नेले गेले. वीज आणणारी केबल टाकली ती थेट अमागर बेटावरच्या जुन्या वीज केंद्रापर्यंत. २००० साल संपता संपता वीसही पवनचक्क्या फिरू लागल्या: उत्तरेकडच्या दहा वीज कंपनीच्या, दक्षिणेकडच्या दहा सभासदांच्या.